तुकड्याचा रिपोर्ट आला, आता तो वाचायचा कसा

मागच्या उन्हाळ्यात, नागपूर ४५ च्या वर तापून राहिलं होतं तेव्हा, रात्री साडेअकराला मावसभावाने उमरेडहून व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. दीड पानाचा बायोप्सी रिपोर्ट, तिरपा काढलेला, अर्धी ओळ त्याच्याच अंगठ्याखाली. खाली मेसेज एवढाच, "दादा, याच्यात कॅन्सर लिहून आहे का?"

मी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, २० वर्षं होऊन गेली. तुकडे कापायचे, रंगवायचे, स्लाइड करून मॅडमच्या मायक्रोस्कोपपाशी नेऊन ठेवायच्या. निदान मी करत नाही, ते पॅथॉलॉजिस्टचं काम, हे आधीच सांगून ठेवतो. पण तेच ते शब्द रोज कानावर पडून पडून समजायला लागतात, अन् नात्यागोत्यात कोणाचाही तुकडा तपासणीला गेला की रिपोर्टचा फोटो मलाच येते. तर एकदाचं नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन. तोंडाचंच उदाहरण घेतो कारण आपल्या विदर्भात खर्र्याच्या (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला) कृपेने तेच सगळ्यात जास्त पाहून राहिलो.

पहिली गोष्ट, रिपोर्ट वरून खाली वाचायचा नाही. आधी वर फक्त नाव, वय आणि तुकडा कुठला ते बघा. 'लेफ्ट बक्कल म्युकोझा' म्हणजे डाव्या गालाची आतली बाजू. पेशंटला त्रास उजवीकडे आणि रिपोर्टवर लेफ्ट असेल तर पुढे काहीच वाचू नका, कागद घेऊन सरळ लॅबमध्ये जा. हे बरोबर असलं की एकदम शेवटी उडी मारा, जिथे 'इम्प्रेशन' किंवा 'डायग्नोसिस' लिहिलेलं असते. मधला सगळा मजकूर त्या शेवटच्या ओळीची कारणं असतात, ते नंतर.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर. 'कॅन्सर' हा शब्द रिपोर्टात बहुतेक वेळा नसतोच. लोक तो शोधतात, सापडत नाही, अन् सुटकेचा श्वास टाकून पेढे वाटतात, हे मी खरंच पाह्यलं आहे. 'कार्सिनोमा' असेल तर तो कॅन्सर आहे (पुढे 'इन सिटू' असेल तर वेगळं, ते खाली सांगतो), 'मॅलिग्नंट' असेल तरी तेच. 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी' म्हणजे त्या तुकड्यात सापडला नाही. 'निओप्लाझम' म्हणजे नुसती नवी वाढ, ती साधी पण असू शकते आणि वाईट पण, पुढचामागचा शब्द वाचल्याशिवाय घाबरू नका. 'ओमा' शेपटीवर तर अजिबात जाऊ नका, लिपोमा म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ आणि मेलानोमा म्हणजे एकदम खतरनाक, शेपूट दोघांचं सारखंच. 'सजेस्टिव्ह ऑफ' असेल तर पॅथॉलॉजिस्टला तसं वाटते आहे पण पूर्ण खात्री नाही, आणि 'ॲडव्हाइज्ड आयएचसी' असेल तर अजून एक खास रंगाची तपासणी लागणार, त्याचे पैसे वेगळे, दिवस वेगळे. हे लॅबने पैसे काढायला लिहिलेलं नसते, एवढं माझं ऐका.

रिपोर्टला वेळ का लागते ते पण सांगून टाकतो कारण दुसऱ्या दिवशीच फोन सुरू होतात. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरावा लागतो, म्हणजे पेशी आहे त्या अवस्थेत घट्ट होऊन बसतात, मग त्यातलं पाणी काढून मेण भरायचं, मेणाची वडी करायची, त्या वडीचा सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काढायचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग, पहिला पेशीचं केंद्रक जांभळं-निळं करते, दुसरा बाकीचा भाग गुलाबी. हे व्हायला एक-दोन दिवस लागतातच. एकदा बाहेरगावच्या एका दवाखान्यातून तुकडा साध्या सलाइनमध्ये आला होता, तोही रात्रभर बसने फिरून, सडलेल्या पेशी, ना केंद्रक दिसे ना काही, बिचाऱ्या पेशंटला पुन्हा सुई खावी लागली. तर बाटली तुमच्या हाताने न्यायची असेल तर विचारून घ्या, फॉर्मालिन आहे ना म्हणून. त्याला झोंबणारा वास असतो, पण मुद्दाम झाकण उघडून हुंगू नका बाप्पा.

आता मधला परिच्छेद, 'मायक्रोस्कोपी'. इथेच सगळे जडजड शब्द असतात. त्यातला एकेक शब्द म्हणजे चांगली पेशी आणि बिघडलेली पेशी यांच्यातला एकेक फरक आहे, बस. म्हणून आधी चांगली कशी दिसते ते डोळ्यापुढे आणा.

गालाच्या आतलं निरोगी अस्तर स्लाइडवर म्हणजे शिस्तीत बसलेली लग्नाची पंगत वाटते. सगळ्यात खाली एक बारीक पट्टी, बेसमेंट मेम्ब्रेन. तिच्यावर लहान गोलसर पेशींची एक ओळ, नव्या पेशी जन्मतात त्या इथेच. जन्मलेली पेशी वर सरकते, सरकता सरकता चपटी होते, सगळ्यात वर पोचली की गळून पडते, तिची जागा खालची घेते. या सगळ्याला दोनेक आठवडे लागतात, म्हणूनच जेवताना गाल चावला गेला तर आठ-दहा दिवसांत भरून येते. पंगतीत प्रत्येकाला आपलं पान माहीत आहे, शेजाऱ्याचा कोपर लागला की सरकून बसायचं, जेवण झालं की उठायचं.

बिघडलेल्या पेशीला यातलं काहीच समजत नाही. शेजाऱ्याला रेटून बसेल, उठायची वेळ झाली तरी उठणार नाही, आणि वरून ताट घेऊन सरळ स्वयंपाकघरात घुसेल.

रिपोर्टात 'प्लिओमॉर्फिझम' दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की पेशी एकसारख्या नाहीत, एक लहान, एक धटिंगण, एक लांबुळकी, कुठली तरी चिंध्यासारखी. चांगल्या अस्तरात एका थरातल्या पेशी संत्र्याच्या फोडींसारख्या जवळपास सारख्या असतात. 'इन्क्रीज्ड एन-सी रेशो' म्हणजे पेशीच्या मानाने केंद्रक मोठं झालं आहे. आपला गावरानी आंबा असतो ना, कोयच मोठी अन् गर नुसता नावाला, तसं. असं का होते, तर जी पेशी सारखी दुप्पट व्हायच्या मागे आहे तिच्यात केंद्रकाचाच पसारा वाढते, बाकी कामधंदा करायला जागा अन् फुरसत दोन्ही नाही. 'हायपरक्रोमॅटिक' म्हणजे ते केंद्रक नेहमीपेक्षा गडद रंगलं, कारण आत डीएनएचा माल जास्त किंवा अस्ताव्यस्त. माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचे गुंडाळे, असतात. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढवतात, त्यांच्यात साधारण ७६ ते ८० क्रोमोसोम सापडतात. बाई त्याच वर्षी वारली, पेशी अजून जिवंत. तिला न विचारता घेतल्या होत्या, हे वाचलं तेव्हापासून तुकड्याच्या बाटलीवर नाव लिहिताना माझा हात जरा हळू चालते.

चांगली पेशी अशी अमर नसते. साधारण ४० ते ६० वेळा विभागून ती थांबते, लिओनार्ड हेफ्लिकने १९६१ मध्ये हे दाखवलं. क्रोमोसोमच्या टोकाला टेलोमिअर नावाची टोपी असते, बुटाच्या लेसच्या टोकाला प्लॅस्टिक असते तशी, ती दर वेळी थोडी झिजते आणि झिजून संपली की काम बंद. बहुतेक कॅन्सरच्या पेशी टेलोमरेज नावाचं एक एन्झाइम चालू करून ती टोपी पुन्हा पुन्हा बनवून घेतात. वयाचा दाखलाच बदलून घेतल्यासारखं.

'माइटोसिस' म्हणजे पेशी विभागताना पकडली गेली. तीच तळाच्या ओळीत दिसली तर काही नाही, ते तिचं कामच आहे. वरच्या थरात दिसली, किंवा दोन भागांऐवजी तीन भागांत ओढाताण चालली आहे असं दिसलं, की मॅडम मायक्रोस्कोपवरून मान वर काढत नाहीत, चहा थंड होते.

एक मात्र लक्षात ठेवा. यातली एकच खूण दिसली म्हणजे कॅन्सर असं नाही. जखम भरत असली, इन्फेक्शन असलं तरी पेशी जोरात विभागतात, केंद्रकं फुगतात. खुणा कुठे आहेत, किती आहेत, बाकी रांग कशी आहे हे सगळं मिळून निदान होते, म्हणून गूगलवर एकेक शब्द टाकून रात्र जागवू नका.

सगळ्यात महत्त्वाची ती खालची पट्टी. रिपोर्ट वाचताना हे एक जमलं तरी पुष्कळ झालं. बिघडलेल्या पेशी पट्टीच्या वरच असतील तर त्याला 'डिस्प्लेसिया' म्हणतात, तो अजून कॅन्सर नाही. फक्त खालच्या तिसऱ्या हिश्शात गडबड असेल तर 'माइल्ड', मधल्या हिश्शापर्यंत गेली तर 'मॉडरेट', त्याच्याही वर गेली तर 'सिव्हिअर', आणि अख्खी जाडी बिघडली पण पट्टी शाबूत असेल तर 'कार्सिनोमा इन सिटू', म्हणजे जागच्या जागी. एकदा का पट्टी फोडून पेशी खाली उतरल्या की त्याला 'इन्व्हेजन' म्हणतात, कारण खाली रक्तवाहिन्या आहेत, लिम्फच्या नळ्या आहेत, तिथून गावभर फिरायचा रस्ता मोकळा. साध्या गाठीत आणि कॅन्सरमध्ये खरा फरक हाच, साधी गाठ कितीही मोठी झाली तरी आपल्या हद्दीत राहते, शेजाऱ्याला नुसती ढकलते. कॅन्सर शेजाऱ्याच्या घरात घुसते.

'वेल डिफरन्शिएटेड', 'मॉडरेटली', 'पूअरली' यांच्यावरून घरोघरी गोंधळ होते. 'वेल' वाचून कोणाला वाटते बरं चाललं आहे, आणि 'मॉडरेट' म्हणजे मध्यम कॅन्सर. तसं नाही ना भाऊ. पेशी आपलं मूळ काम किती विसरली एवढंच ते सांगते. गालाच्या पेशीचं काम केराटिन बनवायचं. 'वेल' असेल तर पेशी बिघडूनही केराटिन बनवत असते, फक्त चुकीच्या जागी, आत गोल गोल गुलाबी गुंडाळ्या होतात, त्यांना 'केराटिन पर्ल' म्हणतात, नाव गोड, दिसायलाही छान दिसतात, काम मात्र वाईट. 'पूअरली' मध्ये पेशी इतकी विसरलेली असते की ती कुठल्या अवयवाची हे ओळखायलाच वेगळे रंग लागतात. ही झाली ग्रेड. आजार किती पसरला ती स्टेज, ती वेगळी. वेल डिफरन्शिएटेड असून मानेत पसरलेला असू शकते, पूअरली असून लहानशा जागेत सापडलेला असू शकते. डॉक्टरला विचारताना दोन्ही वेगवेगळे विचारा.

पेशी अशी बिघडते का, हे रिपोर्टात नसते पण प्रत्येक जण विचारते. थोडक्यात सांगतो. पेशीत काही जीन ॲक्सिलरेटरसारखे असतात, काही ब्रेकसारखे. खर्रा, बिडी, ऊन, काही विषाणू, नाहीतर नुसतंच वय, यांनी डीएनएत चुका साचत जातात, ॲक्सिलरेटर अडकून बसते आणि ब्रेकचे वायर तुटतात. एक चूक पुरत नाही, बऱ्याच जमाव्या लागतात, म्हणून वर्षानुवर्षं जातात. ब्रेकमधला सगळ्यात नावाजलेला पी-५३, १९७९ मध्ये सापडला. डीएनए खराब झालं तर हा पेशीला थांबवते, दुरुस्त होत नसेल तर तिला मरायला लावते. साधारण अर्ध्या कॅन्सरमध्ये हाच मोडलेला असतो. आपल्याकडे या जीनची एक जोडी, हत्तीकडे अशा २० जोड्या, एवढं मोठं धूड असून हत्तीला कॅन्सर कमी होते त्याचं हे एक कारण धरतात. सुपारी नुसतीच, तंबाखूशिवाय खाल्ली तरी कॅन्सर करते हे पण सांगून ठेवतो, कारण "मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी" म्हणणारे प्रत्येक घरात एक आहेत. सुपारीने गालाच्या आत चिवट दोरे तयार होतात, तोंड उघडेनासं होते, रिपोर्टात त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' लिहितात. आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र चौकाचौकात पन्नीत घोटून मिळते, त्यावर मी काय बोलू.

दुसरा प्रश्न, "अहो पंधरा दिवसांपूर्वी तर काहीच नव्हतं!" होतं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं ३० वेळा झालं की १०७ कोटी होतात, अन् एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी धरतात. म्हणजे बोटाला लागेपर्यंत ३० वेळा दुप्पट होऊन चुकलेली असते, तेव्हा कोणालाच दिसत नव्हती. त्यापुढे नुसती १० वेळा दुप्पट झाली की हिशोबाने किलोभर होते. प्रत्यक्षात मधे बऱ्याच पेशी मरतात, वेग खालीवर होते, पण शेवटचा टप्पा झपाट्याचा का वाटते ते यावरून समजावं. आपण पाहतो तो शेवटचाच टप्पा असतो.

ऑपरेशन झाल्यावर दुसरा रिपोर्ट येते, मोठा, तीन-चार पानी. पहिल्या रिपोर्टाने आजार ओळखला, हा पुढचा इलाज ठरवते, म्हणून हा जपून ठेवा. यात चार जागी बोट ठेवा. 'मार्जिन' म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपासून कॅन्सर किती लांब आहे, तोंडात ५ मिलीमीटर किंवा जास्त असेल तर चांगलं, कमी असेल तर 'क्लोज'. फॉर्मालिनमध्ये तुकडा आकसतो म्हणून सर्जन मुळातच सेंटिमीटरभर सोडून कापतात, "डॉक्टरने एवढा गाल काऊन कापला" याचं उत्तर हे आहे. 'डेप्थ ऑफ इन्व्हेजन' म्हणजे त्या पट्टीच्या खाली किती मिलीमीटर उतरला. २०१८ पासून तोंडाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना ही खोली पण मोजतात, ५ आणि १० मिलीमीटर या दोन रेषा, कारण वरून चवलीएवढा दिसणारा खाली खोल गेलेला असू शकते. 'पेरिन्यूरल' म्हणजे मज्जातंतूच्या कडेकडेने सरकला, 'लिम्फोव्हॅस्क्युलर' म्हणजे लिम्फच्या किंवा रक्ताच्या नळ्यांमध्ये शिरला. आणि नोड, म्हणजे लिम्फच्या नळ्यांवरच्या बारीक गाठी, त्या सगळ्यांनाच असतात, '०/३२' असं लिहिलं असेल तर मानेतल्या ३२ गाठी तपासल्या, एकीतही नाही. '२/३२' असेल तर दोघींत आहे.

मानेत हाताला काही लागत नव्हतं तरी मान का उघडली म्हणून नातेवाईक भांडतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी यावर मोठा अभ्यास केला, २०१५ मध्ये छापून आला, सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, नंतर दिसल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. पट्टी फोडून निघालेल्या पेशी चिमूटभर असल्या तर हाताला कुठून लागणार?

पेट स्कॅन सांगितला तर तो पण याच फरकावर चालते. कॅन्सरची पेशी साखर अधाशासारखी ओढते, ऑक्सिजन असतानाही ती अर्धवटच जाळते, ओटो वारबुर्गने शंभर वर्षांपूर्वीच हे पाह्यलं होतं. म्हणून किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि कुठे जमते ते बघतात, त्याआधी काही तास उपाशी ठेवतात. पण मेंदू नेहमीच चमकते, त्यालाही साखरच लागते, लघवीची पिशवी चमकते कारण माल तिथूनच बाहेर जाते, आणि टीबीची गाठ पण चमकते, आपल्याकडे तर हमखास. चमकलं म्हणजे पसरलं असं घरीच ठरवू नका. अन् यावरून "साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरते" हा जो मेसेज फिरते तो डिलीट करा, साखर नाही खाल्ली तरी शरीर रक्तात ग्लुकोज बनवतेच, उपाशी पेशंट राहते.

तसंच "सुई लावली की पसरते" हे. बायोप्सी नको म्हणून सहा-सहा महिने जडीबुटी करून आलेले तुकडे मी कापले आहेत, त्यात ती खालची पट्टी शोधूनही सापडत नाही. तोंडाच्या चट्ट्याचा तुकडा काढल्याने आजार पसरत नाही, थांबल्याने वाढते.

दुसरं मत घ्यायचं असेल, नागपुरात तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलात किंवा जामठ्याच्या, नाहीतर मुंबईला टाटात, तर नुसता कागद नेऊ नका. स्लाइड आणि मेणाच्या वड्या लॅबमधून मागून घ्या, अर्ज लिहून दिला की मिळतात, टाटात तर त्या पुन्हा तपासतातच. स्लाइड काचेची असते, डबीत कापूस घालून न्या. आणि मेणाची वडी मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हसू नका, एका साहेबांनी ठेवली होती.

भावाच्या रिपोर्टात शेवटी अंगठा काढल्यावर दिसलं, 'मॉडरेट डिस्प्लेसिया, नो इन्व्हेजन सीन', सोबत 'सबम्युकस फायब्रोसिस'. म्हणजे पट्टी शाबूत. मी त्याला तेव्हाच फोन लावला, अर्धा तास हेच सगळं सांगितलं, वहिनी मागून रडून राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नागपूरला बोलावून तोंडाच्या सर्जनला दाखवलं, त्यांनी तो पांढरा चट्टा पूर्ण काढून पुन्हा तपासणीला पाठवला, त्यातही पट्टी फुटलेली नव्हती. डॉक्टरने सांगितलं की खर्रा बंद, आणि दर तीन महिन्यांनी येऊन तोंड दाखवायचं, दोन-तीन आठवड्यांत न भरणारं कुठलंही छालं, लाल-पांढरा डाग, गिळताना दुखणं, काही असलं तर तीन महिन्यांचीही वाट पाहायची नाही.

तेव्हा त्याच्या तोंडात उभी दोन बोटं कशीबशी जात, साधारण माणसाची तीन जातात, तुम्ही पण आत्ता करून बघा. आता तो रोज सकाळी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरून बसतो, डॉक्टरने शिकवलेला व्यायाम. दिवाळीत १४ काड्या होत्या. परवा फोटो आला, या वेळी अंगठा मधे नव्हता, १७ मोजल्या.